येसराच्या डब्यातला दोरा

नेकनूर,
मंगळवार, २८ ऑक्टोबर १९८६

आत्या,

मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की तुझ्या डब्यातले बिब्बे सगळे काढले आणि मगच येसर कांडायला दिला. त्यातलं एक वाक्य चुकीचं आहे. मी दोरा काढला, एवढंच खरं. बिब्बे सगळे निघाले, हे मी पाहिलं नव्हतं. तसं मला वाटलं होतं.

परातीत धन्याचा भुसा पसरून तू मला अक्षरं गिरवायला लावायचीस, तेव्हाच सांगायचीस की पाहिलेलं एका ओळीत लिही आणि वाटलेलं दुसऱ्या ओळीत. शाळेत मी पुष्कळ उशिरा गेले. तिथं दोन्ही एकाच ओळीत लिहिलं तरी चालतं. मला मात्र अजून चालत नाही, म्हणून हे दुसरं पत्र.

दोरा तू नेहमी करतेस तसाच होता, काळा, प्रत्येक बिब्ब्याच्या दोन्ही बाजूंना गाठ मारलेला. किडे लागू नयेत म्हणून घरोघरी येसराच्या मसाल्यात नुसते बिब्बे टाकतात. दोऱ्यात ओवून ते फक्त तूच टाकतेस, म्हणजे दोरा ओढला की सगळे एकदम बाहेर. मीही तसाच ओढला. वरवर पाहिलं, कागदात गुंडाळला आणि कोनाड्यात ठेवला. काल दिवाळीची झाडलोट करताना कागद उलगडला. शेवटाकडे दोन गाठींच्या मध्ये एक जागा रिकामी आहे. बिब्बा नाही. नुसता दोरा.

मला एकच विचारायचं आहे. तू ओवलंस तेव्हापासूनच ती जागा रिकामी होती का? मी तेव्हा परीक्षेसाठी बीडला होते. ओवताना तुझ्याजवळ कुणी नव्हतं, म्हणजे हे तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

घाई का आहे तेही सांगते. यंदा कपिलधारच्या यात्रेत पौर्णिमेची पंगत आपल्या गावची आहे, आणि पंगतीला डाळ मिळेना. दोन वर्षं पाऊस असा गेल्यावर हरभरा कुणाच्या घरी उरला आहे? तेव्हा पंगतीचं सगळं बघणारे चन्नप्पाकाका म्हणाले की येसराची आमटी करू. येसरात भाजलेले गहू आणि मूठभर डाळ असतेच, पाण्यात कालवून उकळला की आमटी आपोआप दाट होते, वेगळं वरण लागत नाही. काम आपल्या महिला संस्थेला मिळालं. एवढं मोठं काम संस्थेला याआधी मिळालेलं नाही. आप्पांच्या दुकानामागच्या खोलीत बाया भाजायला बसल्या आणि निम्म्यातच गहू नि खोबरं कमी पडलं. तेव्हा मी म्हणाले की आमच्या घरी आत्यानं भरून ठेवलेला मोठा डबा आहे. हे आप्पा म्हणाले नाहीत, मी म्हणाले.

जुना येसर खाली बसून ढेकळं झाली होती. चाळत बसायला वेळ नव्हता, तशीच ढेकळं उखळात ओतली. मजुरीवर कांडायला येणाऱ्या भिमाबाईंनी ती कांडली, नव्या येसरात मिसळली, आणि आता सगळा येसर एकजीव झाला आहे. डबे भरून, झाकणं लावून खोलीत रचले आहेत. येसर काळा, बिब्बा काळा. एखादं ढेकूळ जास्त कडक लागलं असतं तरी मुसळ थांबलं नसतं.

बिब्ब्याचं तेल उततं म्हणजे काय होतं ते तुला मी काय सांगणार? नुसता बिब्ब्याचा हात तोंडाला लागला, तर तुझे ओठ आठवडाभर सुजले होते. इथं तर तो कांडून पोटात जाईल. शेकडो माणसं जेवतील, त्यात म्हातारी असतील, लहान मुलं असतील.

सख्ख्या भावाशी, आप्पांशी, बोलायचं नाही असं तू ठरवलंस, ते मी समजू शकते. मला एक ओळ लिही. जागा रिकामी होती, किंवा नव्हती.

शांता


मंगळवार, ४ नोव्हेंबर

आत्या,

तुझं उत्तर नाही. तलवाड्याचं टपाल गेवराईवरून फिरून येतं, म्हणून कदाचित उशीर असेल, असं वाटतं. (हे वाटतं.)

दिवाळी झाली. अनारसे केले नाहीत, फराळाला शेव आणि लाह्यांचा चिवडा. टँकर एकच दिवस आला. आप्पांनी दुकानात पूजा केली आणि तुझं नाव न घेता म्हणाले, घरातलं माणूस घरात असलं म्हणजे बरं असतं. मी वर पाहिलं नाही.

एवढ्या दिवसांत मी काय काय केलं ते लिहिते. कांडून चाळल्यावर वर राहिलेला चोथा भिमाबाईंनी एका पातेल्यात काढून ठेवला होता. तो मी उन्हात वर्तमानपत्रावर पसरला आणि निवडला. काळे तुकडे खूप निघाले. मसाला वेलचीची टरफलं काळी असतात, करपलेलं खोबरं काळं असतं, दगडफुलाचे देठही. त्यातले दोन तुकडे मला बिब्ब्याच्या सालीसारखे वाटले. दुपारी तेच दोन मला वेलचीचे वाटले. नखानं खरवडून पाहिले, तेल दिसलं नाही, पण भाजलेल्यात दिसेल तरी कसं?

मग येसर चिमूटभर जिभेवर ठेवला. मनगटाच्या आतल्या बाजूला चोळला. काही झालं नाही. त्याचा उपयोगही नाही. मला बिब्बा कधीच उतत नाही, म्हणून तर लहानपणी फोडायचं काम तू मला द्यायचीस. तरी मला दिवसभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून संध्याकाळी पुन्हा वाईट वाटलं.

आप्पांना अर्धंच सांगितलं. म्हटलं, जुन्या डब्यात एखादा बिब्बा राहिला असेल तर? ते गिऱ्हाइकाला गूळ तोलत होते. म्हणाले, "थंडीत लोक बिब्बा तुपात टाकून खात्यात. एकानं काय व्हतंय?" मी म्हटलं, ज्यांना उततो त्यांना होतं. त्यावर ते म्हणाले की तू तुझ्या आत्यासारखी कुठल्याही गोष्टीचा पिच्छा सोडत नाहीस. गिऱ्हाईक हसलं.

भिमाबाई दिवाळीपासून कामाला आलेल्या नाहीत. मिरचीची आग झाली म्हणून निरोप आहे. कांडताना त्यांनी एकदा हात झटकला होता आणि पदरानं पुसला होता, ते मला आठवतं. हात धुतला नव्हता.

आत्या, तू लिहीत नाहीस म्हणजे तुला राग आहे, की तुलाही आठवत नाही? आठवत नसेल तर तसं लिही. तेही उत्तरच आहे.

शांता


शनिवार, ८ नोव्हेंबर

आत्या,

मी काल भिमाबाईंच्या घरी गेले होते. गावाच्या कडेला, समाजमंदिराच्या मागे त्यांचं घर आहे ते तुला माहीत आहे. मी पहिल्यांदाच गेले. तू जायचीस.

त्या दारात ज्वारी पाखडत बसल्या होत्या, डाव्या हातानं. उजवा हात पदराखाली. मला पाहून उठल्या, बसायला पोतं टाकलं आणि लगेच म्हणाल्या की सोमवारपासून येते, आप्पांना सांगा जागा भरू नका. मी म्हटलं, हात दाखवा. त्या म्हणाल्या, "मिरचीच हाय. तुमी कावून घाबरता?"

मी तशीच बसून राहिले. मग त्यांनी पदर काढला.

मनगटापासून कोपरापर्यंत कातडी काळी पडून वर पाणी धरलेले फोड. काही फुटलेले. गळ्यालाही एक पट्टा उठला आहे, पदर जिथं लागतो तिथं. त्यावर खोबरं चावून लावलं होतं. मिरचीनं असं होत नाही. जन्मभर मिरच्या कांडणाऱ्या बाईला तर नाहीच.

मी बिब्ब्याचं नाव काढायच्या आधी त्यांनीच काढलं.

"उतलाय. सगळ्या पंचक्रोशीत मलाच उततोय जणू. हात काळा हाय ते बरं, लोकं म्हनतील येसरच लागलाय."

आणि हसल्या. मला हसता आलं नाही. मी विचारलं, मग सांगितलं का नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"कुनाला सांगू, ताई? तुमच्या पंगतीचा येसर, त्यात बिब्बा, आन् कांडनारी मी. बिब्बा म्हटलं की लोक आधी करणी म्हनत्यात. आमी तसलं कायबी मानत न्हाई. पर मानणाऱ्याला कुनाचं तरी नाव लागतंय."

मी म्हटलं, डबा आमचा होता. त्या म्हणाल्या, डबा कुणाचा ते कोण विचारतंय. त्यात राग नव्हता. पोरीला एखादी साधी गोष्ट समजावून सांगावी तसं बोलल्या. वर म्हणाल्या की संस्थेत आपलं नाव लागायचं अजून बाकीच आहे, मजुरीवर आहे, तेवढं जाऊ नये म्हणून गप्प राहिले.

आता मागच्या पत्रातली एक ओळ मला पुरी करायला हवी. "हात धुतला नव्हता" असं मी लिहिलं, आणि पुढचं लिहिलं नाही. त्यांनी हात झटकला तेव्हा त्या माठाकडे गेल्या होत्या. त्यांचा माठ. त्यात थेंब नव्हता, टँकर आला नव्हता. दुसरा माठ हाताच्या अंतरावर, निम्मा भरलेला. त्या क्षणभर तिथं उभ्या राहिल्या, माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला सांगता येत नाही, आणि हात पदराला पुसून उखळाकडे परत गेल्या. मी धने पाखडत होते. हे मी पाहिलं. वाटलेलं यात काहीच नाही. तेल पदराला लागलं आणि पदराचं गळ्याला.

निघताना त्यांनी गुळाचा खडा आणि तांब्यात पाणी दिलं. मी प्यायले. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही.

दोऱ्यातली जागा आधीपासून रिकामी होती का, हे मी तुला तिसऱ्यांदा विचारणार होते. आज विचारत नाही. भिमाबाईंचा हात पाहिल्यावर विचारायचं काय उरतं? तरी तुझं पत्र यावं असं वाटतं.

शांता


मंगळवार, ११ नोव्हेंबर

आत्या,

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमननं दुकानात आप्पांच्याच हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, गल्ल्याच्या पेटीवर पालथं ठेवलं आणि मला हाक मारली. कार्डावर एकच ओळ आहे: "खोलीत माठ अजून दोनच आहेत का?"

माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. आधी मला फार राग आला. मी रात्रंदिवस दोरा डोळ्यांपुढे घेऊन बसले आहे, आणि ही अजून चैत्रातल्याच भांडणात आहे, असं वाटलं. तू माझं शेवटचं पत्र मिळायच्या आधी हे टाकलं असणार, शिक्का सात तारखेचा आहे. भिमाबाईंचा हात तुला माहीत नव्हता. तरी तू नेमकं तेच विचारलंस.

दोनच आहेत, आत्या.

चैत्रात तू भिमाबाईंच्या माठातलं पाणी आपल्या माठात ओतलंस, आप्पा म्हणाले संस्था बंद करावी लागेल, आणि तू पिशवी घेऊन निघालीस. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आपला माठ धुऊन पुन्हा भरला होता. कुणी भरला ते तू विचारलं नाहीस. मी भरला. आप्पांनी सांगितलं म्हणून.

काल दुकान बंद झाल्यावर आप्पांना सगळं सांगितलं, या वेळी पुरं. दोरा समोर ठेवला. त्यांनी तो दिव्याखाली धरून गाठीगाठीनं सरकवला, तुझ्या गाठी ते ओळखतात, आणि रिकाम्या जागेवर त्यांचा अंगठा थांबला. मला वाटलं, आता उद्याच डबे काढायला सांगतील. तेवढ्यात चन्नप्पाकाका ट्रॅक्टरचं विचारायला आले. आप्पांनी त्यांनाही सांगितलं, हे मला त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. लपवलं नाही.

चन्नप्पाकाका खाटेवर बसले. पंगतीचं निमंत्रण साऱ्या दिंड्यांना गेलं आहे, डाळ नाही, आता येसरही नाही म्हटलं तर गावाचं तोंड कुठं राहतं, असं म्हणाले. पोटात गेल्यावर एवढ्या पाण्यात एका बिब्ब्याचं काय, असंही म्हणाले. ते दोन्ही खरं असेल. मग आप्पांकडे वळून विचारलं,

"कांडलं कुनी व्हतं, गुरुपाद?"

काकांना माहीत होतं. ते तीन वेळा खोलीत येऊन गेले, तीनही वेळा भिमाबाईंच्या उखळाकडे पाठ करून उभे राहिले.

"मग कावून एवढी काळजी करता? काय झालंच तर सांगायला हाय की."

आप्पा "हो" म्हणाले नाहीत. "नाही"ही म्हणाले नाहीत. त्यांनी दोरा कागदात गुंडाळला आणि पेटीत टाकायला गेले. मी हात पुढे केला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. का दिला, ते मला अजून समजलेलं नाही. आप्पा वाईट माणूस नाहीत, हे तुलाही माहीत आहे. ते थकले आहेत. उधारीवर अर्धं गाव जगतंय आणि ते कुणाला नाही म्हणत नाहीत, चन्नप्पाकाकांनाही नाही.

मी रात्री अंथरुणात तुझं कार्ड पुन्हा वाचलं. आणि मला कळलं की मी तुला जे विचारत होते ते बिब्ब्यासाठी नव्हतं. "जागा पहिल्यापासून रिकामी होती" एवढं तू लिहिलं असतंस, तर मी डबे जाऊ दिले असते. भिमाबाईंचा हात बघायलाही गेले नसते. मिरचीची आग, असं तुला लिहून मोकळी झाले असते. मला तुझ्याकडून सूट हवी होती. तू दिली नाहीस, बरं केलंस. तू मुद्दाम केलंस की नुसती तुझ्या भांडणात होतीस, ते मी वाटलेल्याच्या ओळीत ठेवते.

आज दुपारी मी भिमाबाईंकडे परत गेले आणि काय करणार ते सांगितलं. तुमचं नाव मी घेणार नाही, असं म्हटलं. त्यांनी मान हलवली. "नाव घ्या की. कांडलं मीच. न्हाई घेतलं तर तेच म्हनतील, लपवलं." मग थोड्या वेळानं म्हणाल्या की आपणही येणार, हात दाखवायला. मी म्हटलं, काम जाईल. त्या म्हणाल्या, "गेलं तर तलावाच्या कामावर माती उचलीन. हात बरा झाल्यावर." त्यांना माझी कीव आली होती, असं वाटलं.

येसर परत घेतला तर पंगतीला काय, हा प्रश्न चन्नप्पाकाका विचारणार. त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. ज्वारीच्या कण्या शिजवता येतील, ताक मिळालं तर ताकात, नाही तर मिठाच्या पाण्यात. पौर्णिमेला कपिलधारला कण्यांची पंगत कुणी घातली नसेल. नावं ठेवतील. बायांच्या एवढ्या दिवसांच्या कष्टाचं काही हाती लागणार नाही, आणि त्यातल्या निम्म्या मला तोंडावर बोलतील. सिंधुबाईनं मुलीच्या बाळंतपणाचं सगळं या कामावर धरलं आहे. तिच्याकडे बघून बोलता येईल का, याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटते. आप्पांपेक्षाही.

तरी मला काय म्हणायचं आहे ते मी ठरवलं आहे. आधी पाहिलेलं: डबा आमच्या घरचा होता, तो मी आणला, दोऱ्यात ही जागा रिकामी आहे, ढेकळं न चाळता उखळात टाकायला मीच सांगितलं, भिमाबाईंचा हात हा असा झाला आहे, आणि त्यांना हात धुवायला पाणी नव्हतं कारण त्यांच्या माठात नव्हतं आणि दुसरा माठ आमचा होता. मग वाटलेलं: एवढ्या येसरात एका बिब्ब्यानं काही होणार नाही, असं असू शकेल. पण ज्याला होईल त्याच्यासमोर आपण कुणाचं नाव घेणार आहोत, ते सोमवारी आमच्या दुकानात ठरलं, आणि मी तिथं होते.

एवढंच. पाठ करून ठेवलं आहे, कारण समोर उभी राहिले की मला शब्द सुचत नाहीत. धने पाखडताना मनात म्हणत राहते. सकाळी एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं तर माठांपाशी येऊन अडकले.

तुझं उत्तर डबे जायच्या आत पोचणार नाही. आलीस तर तू येशील ते एसटीनं, आणि गेवराईची सकाळची गाडी हल्ली कधी येते कधी येत नाही. मी तुला बोलावते आहे असं समजू नकोस. बोलावलं तर तू बोलशील आणि मी पुन्हा धने पाखडत बसेन.

शुक्रवारी डबे ट्रॅक्टरवर चढतील. त्याच्या आदल्या दिवशी सकाळी चन्नप्पाकाका खोलीत येऊन ते ताब्यात घेणार आहेत, सगळ्या बाया तिथं असतील. आप्पाही असतील. मी दोरा पदराला बांधून नेणार आहे. काका झाकणाला हात लावायच्या आधी मी बोलणार आहे, गुरुवारी, १३ नोव्हेंबरला.

शांता